तडा दाखवला तर सौदा मोडतो काय?

"तुम्ही पाहूनच घेतले होते ना, गुरुजी?"

हा प्रश्न मला १९९८ च्या श्रावणात देगलूरमध्ये एका ओसरीवर बसून ऐकावा लागला. त्याच वर्षी वैशाखात मी आयुष्यातले पहिले घर विकत घेतले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी, भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, पत्नीचे मोडलेले दागिने आणि भावाकडून घेतलेले हातउसने असा तो पैसा होता. घर वस्तीबाहेरचे, पक्क्या स्लॅबचे. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. रजिस्ट्रीच्या दिवशी भिंतींना नवा रंग होता. मृगाच्या पहिल्या सरीत पुढच्या खोलीत पाणी ठिबकले. श्रावणात एका रात्री छताचा हातभर पोपडा सुटून खालच्या बाजेवर पडला. त्या बाजेवर रोज माझा मुलगा झोपत असे. त्या रात्री तो आजीकडे गेला होता.

सकाळी मी विकणाऱ्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला. कपबशी कोणती होती ते येथे लिहीत नाही. चहा झाल्यावर त्यांनी वरचा प्रश्न विचारला आणि मी गप्प बसलो, कारण त्यांचे म्हणणे खरे होते. मी पाहिले होते. रंग लागण्याच्या आधी, चैत्रातच, छताला आलेला काळपट गोल डाग मी पाहिला होता. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला तडाही पाहिला होता. पाहूनही मी एक शब्द काढला नाही. का काढला नाही, त्याबद्दल हा लेख आहे.

त्याआधी तीन घरे पाहून झाली होती. तिन्ही ठिकाणी बोलणी चांगली सुरू झाली. मग गाव कोणते, आडनाव काय, असे विचारले गेले आणि दोन दिवसांनी निरोप आला की विकायचा विचार बदलला. चौथ्या घराचा मालक मात्र "घ्या" म्हणाला. त्या एका शब्दाने मी इतका भारावून गेलो की बाजारभावापेक्षा जास्त पैसे मोजत असूनही मला वाटले, हा माणूस आपल्यावर उपकार करतो आहे. आणि उपकार करणाऱ्याला "तुमच्या छताला ओल आहे" असे कोण म्हणेल?

वस्तुस्थिती अशी की ही भीड माझ्या एकट्याची नव्हती आणि आजही ती संपलेली नाही. १९१७ साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला घर मिळाले नाही. एका पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन ते राहत होते. फुकट राहत नव्हते. तरीही अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. एका हिंदू स्नेह्याने आणि एका ख्रिस्ती स्नेह्याने असमर्थता दाखवली, तेव्हा बागेत बसून वेळ काढून त्यांनी मुंबईची गाडी धरली. हा प्रसंग आपण जयंतीच्या भाषणात सांगतो, ऐकणाऱ्यांचे डोळे ओले होतात. पण त्या प्रसंगाने आपल्या हाडात शिरलेली एक गोष्ट आपण बोलून दाखवत नाही. ज्याला घर नाकारले जाण्याची धास्ती असते, तो मिळालेल्या घराची प्रत ठरवू शकत नाही.

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास करून २०१५ साली तो प्रसिद्ध केला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना घर नाकारले जाते हे त्यात दिसलेच. पण त्यांच्यापैकी ज्यांना घर मिळाले त्यांनाही जाचक अटी मान्य कराव्या लागल्या, हेही त्यात आहे. नकाराची बातमी होते. होकाराबरोबर येणाऱ्या अटींची होत नाही. कायद्याची मदत म्हणावी तर संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख आहे. खासगी घराच्या विक्रीचा नाही. २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा त्या संस्थेचा नियम वैध ठरवला. आमचा देगलूर विधानसभा मतदारसंघ राखीव आहे. आमदार आमचा होऊ शकतो, शेजारी होताना मात्र आजही आडनाव विचारले जाते.

आता गेल्या वर्षाची, म्हणजे २०२५ ची गोष्ट सांगतो. माझा पुतण्या एस.टी.त वाहक आहे. मे महिन्यात त्याने देगलूरमध्येच एक घर ठरवले. वीस-बावीस वर्षांचे बांधकाम, पुढे अंगण, वर गच्ची. मालक वयस्कर, त्यांचा मुलगा हैदराबादला स्थायिक झालेला, म्हणून म्हातारा-म्हातारी तिकडे निघालेली. किंमत सव्वीस लाख. पुतण्याने एक लाखाचा बयाणा देऊन टाकला आणि मग मला सांगायला आला. मी विचारले, "घर कोणी तपासले?" तो म्हणाला, "काका, बँकेचा माणूस येऊन पाहून गेला की."

येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण हा गैरसमज शिकल्या-सवरलेल्यांतही आहे. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस घर तुमच्यासाठी पाहत नाही. कर्ज बुडाले तर हे घर विकून बँकेचा पैसा वसूल होईल की नाही, एवढेच तो पाहतो. तुमच्या स्वयंपाकघराच्या छतातली सळई गंजली आहे काय, हे सांगायला त्याला कोणी पाठवलेले नसते.

मी पुतण्याला घेऊन परत त्या घरी गेलो. सोबत सीमेपलीकडच्या मदनूरचा, माझ्या ओळखीतला एक जुना मिस्त्री आणि आपल्याच समाजातला एक तरुण स्थापत्य अभियंता घेतला. अभियंत्याला दोन हजार रुपये दिले. तो नको म्हणत होता, पण मी बळजबरीने दिले. आपल्या माणसाचे ज्ञान फुकट वापरायचे आणि परक्याला मात्र फी मोजायची, ही आपली आणखी एक सवय मोडली पाहिजे.

मिस्त्रीने प्रथम काय केले असेल तर रंगाकडे पाहिले. सगळ्या घराचा रंग जुना आणि एका स्वयंपाकघराचाच नवा. त्याने हातोडीच्या दांड्याने छत ठोकत नेले. काही ठिकाणी आवाज भरीव होता, मोरीच्या वरच्या बाजूला पोकळ. तेथे छताला सळईच्या रेषेत बारीक चीर होती आणि चिरेच्या कडेला तांबूस डाग. "गुरुजी, ह्ये वरवरचं न्हाई. आतलं लोखंड फुगलंय," तो म्हणाला. लोखंडाला गंज चढला की तो गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. वरून गिलावा मारला तर डाग झाकतो, फुगणे थांबत नाही. १९९८ साली माझ्या बाजेवर जे पडले ते हेच होते. मला ते समजायला सत्तावीस वर्षे आणि एक मिस्त्री लागला.

मग भिंती. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून जमिनीकडे तिरका उतरणारा तडा होता. गिलाव्यावरचे केसासारखे तडे आणि हा तडा यांत फरक आहे. गिलाव्याचा तडा कसाही, जाळ्यासारखा फिरतो. पाया दबला असेल तर तडा तिरका जातो, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता. देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यात कुठे ग्रॅनाइटचा खडक उघडा पडलेला, तर कुठे काळी माती. काळ्या मातीवर घर असेल आणि पाया खाली मुरमापर्यंत गेलेला नसेल, तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि घर तिच्याबरोबर दरवर्षी वर-खाली होते. मे महिन्यात उघडा दिसणारा तडा ऑगस्टमध्ये मिटलेला दिसतो. म्हणून पावसाळ्यात घर पाहणाऱ्याला ओल दिसते पण तडा दिसत नाही, आणि उन्हाळ्यात पाहणाऱ्याला तडा दिसतो पण ओल दिसत नाही. अभियंत्याने तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख घातली आणि मध्ये काचेची बारीक पट्टी सिमेंटने चिकटवली. पट्टी तुटली तर तडा जिवंत आहे.

याशिवाय गच्चीचा उतार उलटा, वायरिंगला अर्थिंग नाही, शोषखड्डा बोअरपासून जेमतेम वीस फुटांवर, जिना नंतर बांधलेला आणि नगर परिषदेच्या परवानगीत नसलेला, दोन वर्षांचा घरपट्टीचा बाकी भरणा. मिस्त्री आणि अभियंता मिळून बावीस बाबी निघाल्या. मी त्या वहीत लिहीत होतो तेव्हा पुतण्याने माझी बाही ओढली आणि कानात म्हणाला, "काका, गप्प बसा ना. ह्यांनी नाही म्हटलं तर दुसरीकडं मिळायचं नाही."

वाचकहो, मला अठ्ठ्याण्णव सालचा मीच समोर उभा दिसला. या मुलाला पगार आहे, कर्ज मंजूर आहे, हातात मोबाइल आहे, बाबासाहेबांची पुस्तके कपाटात आहेत. तरी भीड तीच. आपल्या वस्तीत आपण ताठ मानेने बोलतो, कार्यालयात साहेबाला नियम दाखवतो, मोर्चात घोषणा देतो. पण सव्वीस लाख रुपये देऊन घर घेताना आपण कूळ होऊन जमीनदारापुढे उभे राहतो.

काही बांधव म्हणतील, मिळतेय ना घर वस्तीबाहेर, मग पन्नास-साठ हजारांसाठी कशाला सौदा मोडता? त्यांना माझा सवाल आहे. तेच घर दुसऱ्या एखाद्या माणसाने घेतले असते तर तो या तड्यापायी लाखभर रुपये कमी करून घेणारच होता. त्याला मिळणारी सूट आपण भीडेपायी सोडून देतो. म्हणजे त्याच विटा, तोच स्लॅब आपल्याला महाग पडतो. हा जातीचा कर आहे आणि तो आपण स्वतःहून, कोणी न मागता, रजिस्ट्रीच्या दिवशी भरून येतो. एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. गरजेने तोंड बंद होणे ही फक्त आपल्या समाजाची गोष्ट नाही. अमेरिकेत घर घेताना निरीक्षक नेमून घर तपासायचे आणि त्याच्या अहवालावरून दुरुस्तीची किंवा किमतीची बोलणी करायची, अशी पद्धत रुळलेली आहे. करारातच त्यासाठी ठरावीक दिवस ठेवतात. पण २०२०-२१ मध्ये तेथे घरांची टंचाई झाली, एका घरावर अनेक जण बोली लावू लागले, तेव्हा कित्येकांनी ही तपासणीची अट आपणहून सोडून दिली. टंचाई संपली की त्यांची भीड संपते. आपल्यासाठी टंचाई बाजारातली नसते, लोकांच्या मनातली असते, म्हणून ती लवकर संपत नाही.

आता कायद्याकडे वळतो. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आहे. इंग्रजांनी केलेला. त्याच्या कलम ५५ मध्ये असे आहे की मालमत्तेतला किंवा मालकी हक्कातला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याला तो सापडण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. न सांगणे हे कपट समजले जाईल, असेही तेच कलम म्हणते. या कलमात विकणारा कोण आणि घेणारा कोण याला जात नाही. पण त्यात दोन गोम आहेत. पहिली, "साधारण काळजी". जो तडा डोळ्यांना दिसत होता, त्याबद्दल नंतर रडून उपयोग नाही. "पाहूनच घेतले होते ना" हे वाक्य कायद्यालाही मान्य आहे. दुसरी, हे सगळे वेगळा करार नसेल तर. साठेखतात "घर आहे त्या स्थितीत घेतले, काही तक्रार नाही" अशी ओळ टंकलेखकाने सवयीने घातली आणि आपण वाचल्याशिवाय सही केली, की आपली बाजू आपल्याच हाताने लंगडी झाली.

रेरा आहे ना, असे अनेक जण विचारतात. २०१६ च्या त्या कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बांधणाऱ्याने तीस दिवसांत तो विनाखर्च दूर करावा असे ठरवले. चांगला कायदा आहे. पण तो विकासकाला लागू आहे. म्हाताऱ्या मालकाने आपले वीस वर्षे राहते घर विकले तर तेथे रेरा नाही. शिवाय पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या बांधकामाला नोंदणीतून सूट आहे. देगलूर, मुखेड, बिलोली, उदगीर अशा तालुक्याच्या गावी गुत्तेदार एकेका प्लॉटवर घरे बांधून विकतात, ती बहुतेक या सुटीतच बसतात. म्हणजे आपल्याकडच्या सामान्य माणसाला बयाणा ते रजिस्ट्री हा जो काळ मिळतो, तोच त्याचा सगळा कायदा. त्या काळात तोंड उघडले तर उघडले.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही बावीस बाबींची यादी घेऊन बसलो आणि मी सतरा खोडल्या. फुटकी फरशी, दाराची कडी, न्हाणीतला डाग, असे सगळे काढून टाकले. पुतण्याला वाटले, काका घाबरले. तसे नव्हते. बावीस तक्रारी ऐकल्या की कोणताही माणूस चिडतो, म्हणतो माझ्या घराला नावे ठेवायला आलात काय? पाच बाबी, त्याही ज्यांनी माणूस मरेल किंवा घर राहण्याजोगे राहणार नाही अशा, त्याच्यापुढे ठेवल्या की त्याला त्या नाकारता येत नाहीत. छताची सळई, पायाचा तडा, गच्ची, वायरिंग आणि कागदपत्रांची बाब. शोषखड्ड्याचे मीच सोडून दिले, कारण शोषखड्डा हलवायला जागाच नव्हती. त्याऐवजी बोअरचे पाणी पिण्यासाठी वापरायचे नाही असे पुतण्याला बजावले. प्रत्येक बाबीपुढे मिस्त्रीचा अंदाज लिहिला. एकूण दोन लाख वीस हजार झाले.

मालकाच्या ओसरीवर बसलो. त्यांनी यादी वाचली आणि म्हणाले, "गुरुजी, बयाणा घेताना हे काही बोलणं नव्हतं. घर आहे तसं आहे." मी म्हणालो, "मालक, बयाणा आधी दिला ही आमची चूक. पण घर तपासायच्या आधी दिला, तपासून दिला नाही. वरच्या छताखाली ह्याची लेकरं झोपणार आहेत. तुम्ही आमच्या जागी असता तर विचारलं असतं की नाही?" ते काही बोलले नाहीत. त्यांची बायको आतून म्हणाली, "विचारलं असतं." तेथून बोलण्याचा रंग बदलला.

म्हाताऱ्याविषयी माझ्या मनात सुरुवातीला राग होता, हे लिहिले पाहिजे. नवा रंग त्यांनी झाकण्यासाठी मारला असे मी धरून चाललो होतो. तो रंग त्यांच्या मुलाने हैदराबादहून येऊन मारून घेतला होता. म्हाताऱ्याला सळईचे काही माहीतही नव्हते. उलट बोलणे सुरू झाल्यावर जी गोष्ट आमच्या मिस्त्रीलाही सापडली नव्हती ती त्यांनीच सांगितली. गच्चीवर टाकीच्या ओट्याखाली एक जोड आहे, जोराचा पाऊस झाला की तेथून मधल्या खोलीच्या कोपऱ्यात पाणी उतरते. "पाच-सात वर्षं झाली. आम्ही तिथं घमेलं ठेवतो," ते म्हणाले. आणखी एक गोष्ट नंतर कळली. आम्हाला घर विकतो म्हणून गल्लीतल्या दोघा-तिघांनी त्यांना टोकले होते आणि त्यांनी ऐकले नव्हते. हैदराबादला फ्लॅटचे पैसे भरायची तारीख ठरलेली होती. गरज त्यांनाही होती. गरज दोघांना, भीड मात्र एकालाच होती.

त्यांनी पहिला तोडगा सांगितला की सगळी दुरुस्ती मी करून देतो. पुतण्या लगेच हो म्हणणार होता. मी अडवले. जो घर सोडून चालला आहे तो दुरुस्ती करतो ती रजिस्ट्रीपर्यंत टिकेल एवढीच. त्यात त्याचा दुष्टपणा नसतो, माणसाचा स्वभाव आहे. गंजलेल्या सळईवर स्वस्तातला मिस्त्री गिलावा मारून जाईल आणि दोष परत झाकला जाईल. म्हणून छत, पाया, गच्ची आणि वायरिंग यांचे पैसे किमतीतून कमी करा, दुरुस्ती आम्ही आमच्या माणसाकडून करू, असे मी म्हणालो. मात्र घरपट्टीची बाकी आणि जिन्याचे नगर परिषदेतले काम त्यांनीच करायचे, कारण ते त्यांच्या नावाने झाल्याशिवाय पुढे सरकत नाही.

दुसरा तोडगा आला की रजिस्ट्रीत सव्वीस लाखच राहू द्या, नंतर लाखभर हातात परत देतो. हेही नको म्हणालो. कागदावर नसलेले पैसे परत मागायला कोणत्या तोंडाने जायचे? मग काही वेळ गप्पागोष्टी, पाऊस कधी येईल, यंदा सोयाबीन की उडीद. मराठवाड्यात कोणताही सौदा यातूनच पुढे जातो. रात्री नऊला ते म्हणाले, "एक लाख दहा हजार कमी. ह्याच्यापुढं नाही." मी दोन लाख मागितले होते. पुतण्याकडे पाहिले. त्याने मान हलवली. साठेखतात किंमत चोवीस लाख नव्वद हजार घातली, कोणत्या दोषांबद्दल कमी केली ते लिहिले, घरपट्टीची पावती आणि जिन्याचा कागद येईपर्यंत पन्नास हजार रुपये राखून ठेवायचे हेही लिहिले. "आहे त्या स्थितीत" ही ओळ टंकलेखकाने घातलीच होती. ती खोडून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. सौदा मोडला नाही.

आणखी कमी करता आले असते काय? कदाचित. बयाणा देण्याआधी गेलो असतो तर नक्कीच. बयाणा दिल्यावर तुमचा एक हात बांधलेला असतो. पुतण्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "काका, आधी बयाणा दिला नसता तर त्यांनी दुसऱ्याला दिलं असतं." याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. दुसऱ्या घराचा पर्याय हातात असल्याशिवाय उठून जाण्याची ताकद येत नाही, आणि आपल्याला पर्याय कमी आहेत हे खरे आहे. म्हणूनच हे एकेकट्याने करण्याचे काम नाही. आपल्या समाजात आज अभियंते आहेत, नगर परिषदेत कर्मचारी आहेत, वकील आहेत, उत्तम मिस्त्री तर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दुसऱ्यांची घरे बांधण्यात आपल्या लोकांची आयुष्ये गेली. तालुक्याच्या गावी महिन्यातला एक रविवार यांनी काढावा आणि जो घर घेतो आहे त्याच्याबरोबर जाऊन ते तपासून द्यावे. चार माणसे वही घेऊन आली की मालकालाही कळते, हा एकटा नाही. कोणते घर विकायला आहे, कोण आडनाव न विचारता विकतो, याची माहितीही तेथेच गोळा होईल.

जुनी घरे घेणाऱ्यांनी तर हे करावेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती बहुतांशी स्वतःच्या घराच्या वजनाखाली. मातीत रचलेल्या दगडांच्या हात-दीड हात जाड भिंती, आत-बाहेरचे दगड एकमेकांत न गुंतलेले, आणि वर माळवदाच्या मातीचा ढीग. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, ही समजूत त्या पहाटे कोसळली. पुढे सरकारने दुरुस्ती आणि बळकटीकरणाचा कार्यक्रम घेतला. भिंतीत आरपार दगड घालणे, वरून पट्टा बांधणे, माळवदाची माती कमी करणे, हे गवंड्यांना शिकवले गेले. आता तीस वर्षांनी तशीच माळवदाची घरे "जुने मजबूत बांधकाम" म्हणून विकली जातात. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली-नांदेड भागात धक्के बसले तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि दोन दिवसांनी विसरले. माळवदाचे घर घेणाऱ्याने विकणाऱ्याला एवढे विचारावे, की त्र्याण्णवनंतर या भिंतींना काय केले? मग गप्प बसून उत्तर ऐकावे.

जुलैमध्ये रजिस्ट्री झाली. छताचे काम पावसामुळे दिवाळीवर गेले. तोवर स्वयंपाकघरात लोखंडी टेकू लावून चूल पुढच्या खोलीत हलवली. ऑगस्टच्या मध्यावर तो पाऊस आला. शेजारच्या मुखेड तालुक्यात लेंडी धरणाच्या वरच्या अंगाला रात्रीत पाणी चढले, हसनाळसारख्या गावांत घरे बुडाली, माणसे गेली, लष्कर बोलवावे लागले. त्या गावांच्या दुःखापुढे आमच्या कोपऱ्यातल्या पाण्याची काय कथा. देगलूरलाही रात्रभर धार लागली होती. सकाळी पुतण्याच्या मोबाइलवर हैदराबादहून फोन आला. म्हाताऱ्याने टीव्हीवर मुखेडची बातमी पाहिली होती.

"पोरा, घरात पाणी आलं का रे?"

"आलं," पुतण्या म्हणाला, "पण तुम्ही सांगितलं होतं तिथूनच आलं. घमेलं ठेवलंय."